जिल्ह्याचा आकडा आणि वाडीचे पाणी
(मिरकरवाड्याहून आल्यावर)



गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला आणि मशिनरीच्या ओव्हरहॉलिंगला सुरुवात झाली की आमच्यासारख्यांना थोडी उसंत मिळते. यंदा त्या उसंतीत आम्ही सहाजण एका स्नेह्याच्या घरच्या लग्नासाठी आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो. जाताना शेतकी खात्यातील आमच्या एका सोबत्याच्या खिशात एक कागद होता. नैसर्गिक आपत्तीचा धोका किती, याची माहिती मागविणारा तो तक्ता एका सरकारी कचेरीतून कारखान्याकडे आला होता. गावाचे नाव, लोकसंख्या, कच्ची घरे, पक्की घरे, जनावरे, आणि शेवटच्या रकान्यात 'धोका : जास्त, मध्यम, कमी, यांपैकी एकावर खूण करावी.' तीन दिवस तो कागद भरावयाचा राहिला होता. खूण कशावर करावी यावरून मलकापूरपासून साखरप्यापर्यंत मोटारीत वाद चालला. एकजण म्हणे जास्त, कारण २०१९ पाहिलं नव्हं का. दुसरा म्हणे मध्यम, कारण त्याचे घर माळावर. दोघेही एकाच गावचे!

हा वाद मिटला तो लग्नमंडपात नव्हे, तर दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर. म्हणजे मिटला असेही म्हणता येत नाही. पण वाद कशाचा आहे ते तिथे समजले.

रत्नागिरी शहराला लागून, रत्नदुर्ग किल्ल्याच्या डोंगराच्या आडोशाला हे बंदर आहे. किल्ल्याच्या एका अंगाला पांढऱ्या वाळूचा म्हणून पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. कोकणातील मोठ्या मासळी बंदरांत मिरकरवाड्याची गणना होते. आम्ही पोचलो तेव्हा लाँची लागत होत्या. टपांतून मासळी उतरत होती, बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता, बायका टोपल्या घेऊन दाटीने उभ्या होत्या आणि लिलावाचा आवाज इतका की शेजारच्याचे ऐकू येईना. आपल्याकडे गुळाचा सौदा पाहिलेल्याला तिथे परके वाटणार नाही. वास मात्र वेगळा. डोक्यावर घारी फिरत होत्या. आगोटीचे दिवस जवळ आलेले, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे जो तो शेवटच्या फेऱ्यांच्या घाईत.

आमच्या स्नेह्यांच्या ओळखीचे एक वयस्क तांडेल तिथे भेटले. चाळीस वर्षे समुद्रावर काढलेला माणूस. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. चहा झाला. आमच्या सोबत्याने खिशातला कागद काढून त्यांच्यापुढे धरला आणि गमतीने विचारले, "चाचा, तुमच्या मिरकरवाड्याला खूण कुठं करायची? जास्त, मध्यम की कमी?"

चाचांनी कागद हातात घेतला नाही. ते म्हणाले, "साहेब, आधी हे सांगा, बोट कुठे आहे? आत का बाहेर?"

आम्ही घरे मोजत होतो. त्यांच्या लेखी धोका घरात नव्हताच. वाडीतली घरे बहुतेक पक्की झाली आहेत. पण माणसे आणि भांडवल तिथे घरात नसतात, पाण्यावर असतात. एका मोठ्या लाँचीवर जाळे, इंजिन, डिझेल, बर्फ मिळून लाखांनी पैसा, वर पंधरा-वीस खलाशी. ते सर्व आज बंदरात आहे की चाळीस मैल बाहेर, यावर त्या दिवशीचा धोका ठरतो. आणि हा रकाना आमच्या कागदावर कुठेच नव्हता.

मग चाचांनी दोन वादळांची गोष्ट सांगितली. ती दोन्ही वादळे सरकारी दप्तरी नोंदलेली आहेत, तेव्हा आम्ही तारखा पडताळूनच येथे देत आहोत.

पहिले 'फयान'. तारीख ११ नोव्हेंबर २००९. हे वादळ दक्षिणेकडून कोकण किनाऱ्याला धरूनच वर सरकले आणि त्या दिवशी दुपारनंतर अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. वाऱ्याचा जोर ताशी ७५ ते ८५ किलोमीटर. वादळांच्या हिशेबाने हे काही फार मोठे नव्हे. जमिनीवरच्या नुकसानीवरून माप काढले तर त्याला मध्यमच म्हणावे लागेल. पण नोव्हेंबर म्हणजे मासेमारीचा ऐन हंगाम. बोटी बाहेर गेलेल्या, कित्येक तर काही दिवसांचा बर्फ घेऊन लांब गेलेल्या, आणि वादळ तयार व्हायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला नाही. इशारा निघाला तो किनाऱ्यावर. खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत तो पोचवायचा कसा? मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरात संपते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे अनेक खलाशी त्या वादळात परत आले नाहीत. काहींची प्रेतेही मिळाली नाहीत, आणि प्रेत नसले की पुढच्या कागदपत्रांना किती वर्षे लागतात हे सांगताना चाचा थोडा वेळ गप्प झाले. आम्हीही पुढे विचारले नाही.

दुसरे 'निसर्ग', ३ जून २०२०. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर आले, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. फयानपेक्षा कितीतरी जोरदार. पण तेव्हा पाऊस तोंडावर आलेला होता, बऱ्याच बोटी बंदरात परतलेल्या होत्या आणि हवामान खात्याचा इशाराही वेळेवर मिळाला होता. बंदरातल्या बोटी एकमेकींवर आपटल्या, 'बसरा स्टार' नावाचे एक मोठे जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन लागले आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच पडून होते. पण फयानने जो आक्रोश मच्छीमार वस्त्यांत उठवला होता तो निसर्गने उठवला नाही. त्याच वेळी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड आणि दापोली या दोन तालुक्यांत मात्र घरांचे पत्रे, नारळ-सुपारीच्या बागा, विजेचे खांब काही शिल्लक राहिले नाही. सुपारीचे झाड लावल्यापासून पीक हाती यायला सात-आठ वर्षे लागतात, म्हणजे केळशी-आंजर्ल्याकडच्या बागायतदाराची एक पिढीच मागे गेली म्हणा.

आता पाहा. मोठ्या वादळाने मिरकरवाड्याचे कमी बिघडले, लहान वादळाने जास्त. आणि एकाच वादळाने एकाच जिल्ह्यातील दोन तालुके झोपवले, दक्षिणेकडच्या राजापुरात मात्र त्याचा तडाखा तसा बसला नाही. मग 'रत्नागिरी जिल्हा, वादळाचा धोका अमुक' या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा?

हे वाक्य निरर्थक आहे असे आमचे म्हणणे नाही. जिल्हावार धोका मोजण्याचे काम आपल्या देशात बऱ्याच काळापासून चालू आहे आणि त्यामागे मेहनत आहे. केंद्र सरकारच्या एका परिषदेने १९९७ साली देशाचा आपत्ती-प्रवणतेचा नकाशासंग्रह प्रथम काढला, २००६ व २०१९ साली तो सुधारून पुन्हा निघाला. त्यात भूकंप, वारा व पूर यांचे नकाशे तर आहेतच, पण दर जिल्ह्यात मातीच्या भिंतीची घरे किती, विटांची किती, छप्पर कौलारू की पत्र्याचे, आणि यापैकी कोणत्या घराला कोणत्या आपत्तीत किती इजा होईल, याचे तक्ते जनगणनेवरून केलेले आहेत. हवामान खात्यानेही चक्रीवादळापुरती देशातील ९६ जिल्ह्यांची यादी केली. त्यात १२ जिल्हे अति जास्त धोक्याचे, ४१ जास्त, ३० मध्यम आणि १३ कमी. ते बाराही जिल्हे बंगालच्या उपसागराकडचे, कारण तिकडे वादळे वारंवार व जोराची येतात आणि समुद्राचे पाणीही जमिनीवर फार चढते. देशभरात पैसा कुठे आधी खर्च करायचा, निवारे कुठे आधी बांधायचे, हे ठरविण्यास अशी यादी पाहिजेच. १९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसात महावादळाने दहा हजारांच्या आसपास माणसे मेली, आणि २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन आले तेव्हा मृतांचा आकडा दोन अंकांतच राहिला, कारण मधल्या काळात निवारे झाले, इशारा गावागावात पोचू लागला आणि लाखो माणसे आधीच हलविली गेली. समुद्र तोच, किनारा तोच.

महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जिल्हावार आराखडे करण्यास गती आली. पुढे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला एक प्राधिकरण दिले. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. आराखडा दर वर्षी तपासून अद्ययावत करावा असे कायदाच सांगतो. आपल्या सोबत्याच्या खिशातला कागद त्याच साखळीतला शेवटचा कागद. वरून बघणाऱ्याला जिल्हा दिसतो, त्याला तेवढे पुरते. प्रश्न येतो तो कागद भरणाऱ्याचा. त्याने वरच्यासारखेच सरसकट भरले तर वर जाणारे सगळेच सरसकट होते.

अमेरिकेतही हाच घोळ झाला आणि त्यांनी तो कसा सोडवायचा प्रयत्न केला हे कळण्यासारखे आहे. तिकडे आपल्या जिल्ह्यासारखी 'काउंटी' असते. त्यांच्या सरकारने अठरा प्रकारच्या आपत्तींचा हिशेब प्रत्येक काउंटीसाठी केला. हिशेब साधा आहे : दर वर्षी सरासरी किती नुकसान होण्याचा संभव, त्याला तिथली माणसे किती अडचणीत आहेत याने गुणायचे, आणि सावरण्याची ताकद किती याने भागायचे. म्हणजे तीच वावटळ गरीब, म्हाताऱ्या वस्तीवर आली तर आकडा वाढतो. पण काउंटीवर न थांबता त्यांनी तिच्या पोटातील, काही हजार वस्तीच्या लहान लहान तुकड्यांचाही असाच हिशेब वेगळा मांडला. कारण एका काउंटीत नदीकाठ असतो आणि टेकडीही असते.

रत्नागिरी जिल्ह्यात तर समुद्र, खाडी, नदी, घाट सगळेच आहे. आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर, नऊ तालुके, आणि एकाचा धोका दुसऱ्याच्या कामाचा नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण शहर बुडाले. त्याच दिवशी खेड तालुक्यात पोसरे येथे डोंगर खचून सतरा माणसे गाडली गेली. पोसरे गाव सगळे नव्हे बरे का, त्यातली एक वाडी. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले तेव्हाही भेंदवाडीतली घरे माणसांसकट गेली. राजापूरला अर्जुना-कोदवलीचे पाणी जवाहर चौकात येते, हे तिथल्या व्यापाऱ्याला पंचांगासारखे पाठ आहे. तो माल वरच्या फळीवर चढवून ठेवतो. मिऱ्याला उधाणाची लाट बंधारा खाते. आपत्ती वाडीवर येते, नोंद तालुक्याला होते आणि सरासरी जिल्ह्याची निघते.

आणखी एक गंमत. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की आपल्याकडे 'अतिवृष्टी' धरतात, पंचनाम्याची चाके त्यावर फिरतात. हे माप सोलापूर-मराठवाड्याच्या रानात ठीक आहे. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत ६५ मिलिमीटरच्या दिवसाला तिथे कोणी वेगळे नावसुद्धा देत नाही. चाचांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले.

पण मिरकरवाड्याचा जो खरा धोका आम्हाला दिसला तो पावसाचा नाही, वाऱ्याचाही नाही. तो बंदराच्या तोंडाशी आहे. या बंदराच्या तोंडात गाळ साचतो. काढला तरी पुन्हा येतो. भरतीला बोट सहज आत येते, ओहोटीला मोठी बोट टेकते. चाचांनी आम्हाला धक्क्यावर उभे करून हिशेब समजावला. समजा, बोट चाळीस सागरी मैल बाहेर आहे आणि वादळाचा इशारा मिळाला. जाळे पाण्यात असेल तर ते ओढायला दोन तास. ताशी आठ मैलांनी परत यायला पाच तास. समोरून वारा असेल तर जास्त. म्हणजे सात-आठ तासांनी बोट तोंडाशी आली. तेव्हा नेमकी ओहोटी असली तर बाहेरच थांबायचे, वाढत्या लाटांत, पाणी चढेपर्यंत. किनारा दिसतो आहे, घराचा दिवा दिसतो आहे, आणि आत येता येत नाही!

"तीन नंबरचा बावटा लागला की लोकांना वाटते आता धोका सुरू," चाचा म्हणाले. "आमचा धोका तिथीवर."

तिथीचा हा हिशेब किनाऱ्यावरचे लोक बोटांवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अंदाजाने. चतुर्थीची चार, तिची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमेची पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. थोडे इकडे-तिकडे होते, पण चालते. आमच्यातले बी.एस्सी. ॲग्री झालेले सोबती तिथेच कागदावर आकडे मांडू लागले आणि चाचांनी त्यांच्या आधी उत्तर सांगितले. तेव्हा मिरकरवाड्याच्या धोक्याचा खरा तक्ता करायचा तर त्यात 'इशारा किती तास आधी', 'बोट किती मैलांवर', 'तोंडाशी पाणी किती' आणि 'तिथी कोणती' असे रकाने हवेत. आता बऱ्याच बोटींवर उपग्रहावरून संदेश मिळण्याची यंत्रे बसत आहेत, हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, हवामान खाते वादळाचा मार्ग चार-पाच दिवस आधी सांगू लागले आहे. फयानच्या मानाने ही फार मोठी सुधारणा आहे. पण इशारा लवकर मिळाला म्हणून गाळ आपोआप सरकत नाही.

बोटीवरच्या खलाशांकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पुष्कळ पोरे नेपाळची, काही कर्नाटकातली, उत्तरेकडची. हंगामापुरती येतात, बोटीवरच झोपतात. त्यांचे नाव तिथल्या मतदार यादीत नाही, रेशन कार्डावर नाही. जिल्ह्याच्या तक्त्यात लोकसंख्या जनगणनेवरून येते, तेव्हा ही माणसे त्या वाडीच्या हिशेबात कुठे बसणार? आम्ही हे मोठ्या तोंडाने बोलून गेलो आणि मग आमचे आम्हालाच उमगले. आपल्याकडे दर ऑक्टोबरात बीडकडून टोळ्या येतात. ओढ्याकाठी, गायरानात खोपी पडतात. गेल्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात खोपी किती, कोणत्या ओढ्यापासून किती अंतरावर, त्यात पोरेबाळे किती, हे आपल्या कोणत्या वहीत आहे? मुकादमाच्या वहीत उचल आहे, कोयत्यांची संख्या आहे. बाकी काही नाही. अवकाळी पाऊस डिसेंबरातही येतो.

परतीच्या वाटेवर घाट चढताना आमचे बोलणे आपल्या पाण्याकडे वळले. २२ जुलै २०२१ चा पाऊस सह्याद्रीच्या एकाच धारेवर पडला होता. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर झाला. घाटाच्या पश्चिमेला उतरलेल्या पाण्याने चिपळूण बुडाले, पूर्वेला उतरलेल्या पाण्याने कृष्णा-पंचगंगा फुगल्या आणि आंबा घाटाचा रस्ताही खचला. पाण्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शिरोळला पाच-सहाशे. जिल्हा एकच, कोल्हापूर! पावसाच्या आकड्यावर धोका ठरवायचा म्हटला तर शिरोळ सगळ्यात सुखी. प्रत्यक्षात पूर शिरोळलाच येऊन बसतो आणि उठायचे नाव घेत नाही. गगनबावड्याचे पाणी उताराने निघून जाते; शिरोळचे पाणी आठ-दहा दिवस रानात उभे राहते, आणि उसाचा निकाल लावते तो पाण्याचा वेग नव्हे, उभे राहण्याचे दिवस. शेंडा पाण्याबाहेर असेल तर ऊस तग धरतो. पोंग्यात गढूळ पाणी गेले, चार-सहा दिवस तसेच राहिले, की शेंडा कुजतो आणि कांड्यांवरून पांगशा फुटतात. एकाच गावात, एकाच आडसाली लागणीत, दोन फुटांच्या चढ-उताराने एकाचा ऊस गाळपाला येतो, दुसऱ्याचा फक्त जळणाला. नोंद मात्र दोघांचीही 'पूरबाधित' अशीच होते.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण लोकांना शहाणपण सांगायचे आणि आपले झाकून ठेवायचे हे बरे नव्हे. २००५ साली पाणी आमच्या परड्यातल्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले होते. वडिलांनी चुन्याने खूण केली. ती खूण आम्ही चौदा वर्षे वेदवाक्य मानली. नवा गोठा बांधला तो त्या खुणेच्या हातभर वर. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून चढत होते, शेजारी जनावरे सोडून नेत होते, आणि आम्ही म्हणत होतो, "२००५ ला इथं आलं नव्हतं." त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. रात्री कमरेएवढ्या पाण्यातून एक म्हैस निघाली, दुसरी निघाली नाही. चिखली-आंबेवाडीतही पुष्कळांनी असाच जुन्या खुणेवर भरवसा ठेवला आणि शेवटी बोटीतून बाहेर यावे लागले. बोटीचे तरी काय, त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसे वाचविणारी बोटच उलटली. दोन वर्षांनी, २०२१ ला, पाणी २०१९ च्या खुणेलाही भिडले. वडिलांच्या खुणेवर आता आम्ही दोन खुणा केल्या आहेत.

सरकारी पूररेषांचेही असेच गैरसमज आहेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुष्कळांना वाटते, शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचे. तसे नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी दर वर्षी नव्याने निघते, मागच्या वर्षी कोणती निघाली हे तिला ठाऊक नसते. तीस वर्षांचे कर्ज काढून लाल रेषेवर घर बांधले तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी आत येण्याचा संभव चारांत एक आहे. निळ्या रेषेवर बांधले आणि पंचवीस वर्षे राहिलात, तर तीनांत दोन. आणि हे सर्व पाऊस पूर्वीसारखाच पडेल असे धरून. तो तसा पडत नाही हे आपण सोळा वर्षांत तीन महापूर पाहून जाणतोच.

असो. कागदाचे काय झाले ते सांगतो. आम्ही तो 'जास्त', 'मध्यम' वा 'कमी' असा भरला नाही. मुदत होती म्हणून एका रकान्यावर खूण करून पाठवावा लागला, पण सोबत जादा पान जोडले. त्यात आपल्या कार्यक्षेत्रातील सात पूरग्रस्त गावांपैकी दोन गावांची, गल्लीवार व शिवारवार, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी झाले की कुठला रस्ता बंद होतो, कोणत्या वस्तीचा संबंध तुटतो, आजारी व अंथरुणाला खिळलेली माणसे कोणत्या घरात आहेत, जनावरे कुठल्या वाटेने आणि किती वेळात निघतात, असे लिहिले. दोन गावांनाच आमचे आठ दिवस गेले. यात नवे काहीच नव्हते. प्रत्येक गल्लीत कोणाला ना कोणाला ते माहीत असतेच. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झाले की आपल्या रानात पाणी किती तासांनी, हे म्हाताऱ्या मंडळींना चाचांच्या तिथीसारखेच पाठ आहे. फक्त ते कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि जाणारा माणूस ते बरोबर घेऊन जातो.

उरलेल्या पाच गावांसाठी सभासदांची मदत पाहिजे. दर वर्षी ऊस नोंदीला आपला स्लिपबॉय बांधावर येतोच. क्षेत्र, जात, लागण तारीख लिहितो. यंदाच्या नोंदीत दोन जादा रकाने धरावेत अशी विनंती आम्ही शेतकी खात्याकडे केली आहे : २०१९ व २०२१ ला या गटात पाणी किती उंच होते, आणि किती दिवस उभे होते. अंदाज नको; ज्याला माहीत नाही त्याने रकाना मोकळा सोडावा. टोळ्यांच्या खोपींची जागा मुकादमाने हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गट ऑफिसला कळवावी, असेही सुचविले आहे. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.

तोवर प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवली आहे. येण्यापूर्वी घराच्या भिंतीवर, गोठ्याला किंवा विहिरीच्या कठड्याला पुराच्या पाण्याची जी खूण असेल ती जमिनीपासून टेपने मोजून यावे, आणि साल लिहावे. खूण पुसली गेली असेल तर शेजाऱ्याला विचारावे. वही मृग निघेपर्यंत राहील.